हरिहरेश्वरचे खडक आणि तिथीचा पाऊणपट हिशोब

आजचा भाग फिरण्याबद्दल आहे, पण कुठे राहायचं आणि मासे कुठे चांगले मिळतात हे मी सांगणार नाहीये. विषय एकच. रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वर आहे, त्याच्या देवळामागचा खडकाळ किनारा. आणि त्या खडकांवर कधी उतरायचं, कधी नाही.

नवीन श्रोत्यांसाठी थोडक्यात ओळख. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, गाव हिवरे बाजार, नगर तालुका. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडात अजून नगरच येतं. गाव पर्जन्यछायेतलं. पाऊस वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर, कधी त्याहून कमी. त्यामुळे दगड बघितला की पहिला प्रश्न पडतो, याच्यात पाणी किती धरतं? विहीर खोदताना मुरूम लागला, मांजऱ्या लागला, की काळा पाषाण लागला, यावर आमच्याकडे पुढचं सगळं ठरतं.

आता गंमत बघा. हरिहरेश्वरला समुद्रात घुसलेला जो काळा कडा दिसतो, तो आमच्या विहिरीतल्या पाषाणाचाच भाऊबंद. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यातून दख्खनचं पठार झालं, सह्याद्री झाला आणि हा किनाराही झाला. दगड बेसॉल्टच. आमच्याकडे त्याच्या भेगांत पाणी मुरतं, इथे पाणी त्यालाच कोरून काढतं.

देवळामागून प्रदक्षिणेची वाट टेकडीवर चढते. मग दोन कड्यांच्या मधून अरुंद पायऱ्या थेट समुद्राकडे उतरतात. खाली पोचलात की समोर सपाट खडक, जणू कुणी फरशी घातलीये. भूगोलाच्या पुस्तकात याला तरंगघर्षित चबुतरा म्हणतात. लाटा कड्याच्या पायथ्याला धडका देतात, पायथा पोखरला जातो, वरचा भाग कोसळतो, कडा मागे सरकतो. मागे उरते ती ही फरशी.

कड्याच्या भिंतीकडे बघा. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसेल, शेकडो छोटे कप्पे. हे छिन्नीचं काम नाही, मिठाचं आहे. लाटांचे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतात, ऊन लागलं की पाणी उडून जातं आणि मिठाचे स्फटिक आत वाढतात. ते दगडाचा कण न् कण सुटा करतात. एकदा खळगा पडला की त्यात ओल टिकते, म्हणजे मीठ अजून साचतं आणि खळगा अजून खोल होतो.

पायाखाली गोल खड्डे दिसतील. नगरवाल्यांनी हे आधी पाहिलेत! पारनेर तालुक्यात निघोजला, कुकडी नदीच्या पात्रात जे रांजणखळगे आहेत, त्यांचंच हे धाकटं रूप. खळग्यात गोटे अडकतात, पाणी त्यांना गरागरा फिरवतं आणि गोटे दगडाला आतून घासत राहतात. तिथे नदी फिरवते, इथे लाट.

आता मुद्द्याचं. ही फरशी दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते. प्रदक्षिणा पूर्ण करायची तर टेकाडाला वळसा घालून या खडकांवरूनच किनाऱ्यावर यावं लागतं, आणि ते फक्त ओहोटीत जमतं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये पळायला जागा नाही. कोकणच्या खडकांवरून पर्यटक वाहून गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. मग म्हणतो, लाट अचानक आली. एखादी मोठी लाट येते अचानक, मान्य. पण भरती कधीच अचानक येत नाही. तिचं वेळापत्रक ठरलेलं असतं.

किनाऱ्यावरची माणसं ते वेळापत्रक तोंडी काढतात. तिथीचा आकडा घ्या, पक्ष कुठलाही चालेल. त्याची पाऊणपट करा. जे येईल ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, द्वादशीला ९. दिवसाही तीच, रात्रीही जवळपास तीच. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते, म्हणून हा पाऊण तासाचा हिशोब बसतो.

मी कोड लिहिणारा माणूस, त्यामुळे लगेच तपासायला बसलो. अमावास्येला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा येते. दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. एका दिवसात दीड तासाची उडी! खरी भरती अशी उडी मारत नाही. म्हणजे या सूत्रात अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरूनच चालायचं. नियोजनाला सूत्र चांगलं. खडकावर उतरायच्या आधी मात्र त्या दिवसाचा भरती-ओहोटीचा तक्ता बघायचा आणि गावातल्या माणसाला विचारायचं.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, म्हणजे भरती जास्त वर चढते आणि ओहोटीही जास्त खाली जाते. खडक सगळ्यात जास्त उघडे तेव्हाच पडतात, पण साधारण सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. संध्याकाळी अंधार पडत असतो, म्हणून सकाळच बरी. आणि निघायचं कधी? पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी उतरायचं, पाणी फिरायच्या आत बाहेर यायचं. पावसाळ्यात तर नकोच. समुद्र खवळलेला असतो आणि खडकांवर शेवाळ.

आम्ही घरचे सगळे गेलो होतो तेव्हा दुपारची भरती होती. आजीला त्याच दिवशी प्रदक्षिणा करायची होती, इतक्या लांबून आलोय म्हणून. आण्णा पायऱ्यांवरून खाली बघून आले आणि म्हणाले, "पाणी खाली जाऊ दे, मग जाऊ. देव काय कुठं पळून चाललाय?" आजी रुसली, जेवताना बोलली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही उतरलो आणि तिनं प्रत्येक खळग्यापाशी थांबून प्रदक्षिणा पूर्ण केली.

आण्णांना भरतीचं गणित माहीत नव्हतं. पण पाणी मोजल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, ही गावची सवय. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हापासून कुऱ्हाडबंदी आली, चराईबंदी आली, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आली. पाऊस किती पडला ते मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी प्यायचं पाणी बाजूला, मग कुठलं पीक घ्यायचं ते ठरतं.

कोकणात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तरी एप्रिल-मे आला की कित्येक वाड्यांवर टँकर फिरतो. उतार तीव्र, समुद्र जवळ, पाणी थांबतच नाही. म्हणून तिकडे गेलात तर मुक्कामाला बादलीभर पाणी जपून वापरा.

तर मंडळी, जायच्या आधी दोन गोष्टी करा. कॅलेंडरवर तिथी बघा आणि तिची पाऊणपट काढा. तुमच्या किनाऱ्यावर भरती मोजायची दुसरी काही रीत असेल तर मला जरूर कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवेन. भेटूया.