ही यादी कशावरून केली?



एका धरण प्रकल्पावर मी स्टेकहोल्डरांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम करायचो. कोणाला भेटलो, काय तक्रार आली, काय कबूल केलं, सगळं तारखेसह भरायचं. साधन चांगलं आहे. तोंडी आश्वासन उद्या नाकारता येतं, नोंदवलेलं नाकारणं अवघड जातं.

पण प्रत्येक नावापुढे एक रकाना होता: 'प्रभाव'. सरपंच, बागायतदार, सोसायटीचे चेअरमन यांच्यापुढे मीच 'जास्त' भरलं. बैठकीचा निरोप आधी त्यांनाच जायचा. वस्तीतल्या मजूर बायांची तर नावंच नव्हती, कारण यादी सातबाऱ्यावरून केलेली. माझी आई जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपत आली. ती त्या गावची असती, तर मी तिलाही वगळलं असतं.

मग 2013 चा भूसंपादन कायदा वाचला. कलम 3 मधली व्याख्या सांगते: स्वतःची जमीन नसली, तरी संपादनाआधी तीन वर्षं त्या भागात राबणारं शेतमजुराचं किंवा कुळाचं कुटुंब, ज्याची मुख्य उपजीविका बुडते, तेही 'बाधित कुटुंब' आहे. हे कलम साहेबांपुढे ठेवलं. ते कुरकुरले, पण वस्तीत घरोघर नोंदणी करावी लागली.

तुमच्यातले कितीतरी जण उद्या अशाच खुर्चीवर बसतील. सॉफ्टवेअर शिकाच. पण पहिलं नाव भरण्याआधी विचारा: ही यादी कशावरून केली? सातबारा नसलेलं माणूस हिच्यात कुठे आहे?

जय भीम.