पवनचक्की : सडा, सागर आणि संगणक

(शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



साताऱ्याकडील वनकुसवडे व चाळकेवाडीचे सडे आणि सांगलीकडील ढालगावचा माळ येथे फिरणाऱ्या पवनचक्क्या आता आपल्या मुलांनाही नवलाच्या राहिलेल्या नाहीत. यापुढील पाऊल मात्र खोल समुद्रात पडले आहे.

पाणी सुमारे 60 मीटरपेक्षा खोल असले की तळावर पाया घालणे फार खर्चाचे होते. म्हणून मनोरा तरंगत्या तराफ्यावर उभारून तो तराफा साखळदंडांनी समुद्रतळाशी जखडतात. स्कॉटलंडच्या सागरात 2017 साली अशा 5 चक्क्यांचा, 30 मेगावॉट क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. भारतानेही 2015 साली सागरी पवनऊर्जेचे राष्ट्रीय धोरण स्वीकारले.

असा तराफा प्रथम संगणकात तरंगतो. वारा पात्यांना रेटतो, मनोरा कलतो. तो कलला की पात्यांवर येणारा वारा बदलतो. खालून लाट उचलते, साखळदंड ताणले जातात. सेकंदाच्या लहान लहान अंशांसाठी हा हिशेब पुनःपुन्हा मांडून वादळात तराफा तग धरील काय, हे पाहिले जाते. त्यानंतर लहान प्रतिकृती लाटांच्या हौदात तपासतात.

तथापि, हे गणिती प्रतिमान त्यास पुरविलेल्या आकड्यांइतकेच विश्वसनीय असते. वाऱ्याची शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग दहा टक्क्यांनी जास्त धरला, तर शक्तीचा अंदाज तेहतीस टक्क्यांनी फुगतो. प्रत्यक्ष मोजणीला म्हणूनच पर्याय नाही.

शिवाय, जे विचारलेच नाही त्याचे उत्तर प्रतिमान देत नाही. चाळकेवाडीच्या सड्यावरील संशोधन 2018 साली प्रसिद्ध झाले. चक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले आणि त्यांचे भक्ष्य असलेले सरडे वाढले. वाऱ्याच्या हिशेबात ना घार होती, ना सरडा. उद्या समुद्रातील हिशेबात मासळी आणि मच्छीमारांची जाळी अशीच वगळली जाऊ नयेत.

पवनऊर्जा आपणांस हवीच आहे. परंतु प्रकल्पाचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे येईल तेव्हा दोन प्रश्न अवश्य विचारावेत : वारा किती ऋतू मोजला, आणि हिशेबात काय धरलेले नाही? चराईची जमीन, पाण्याचे झरे, पक्ष्यांचे थवे यांची नोंद गावानेच ठेवावी. शिक्षकांनी त्या कामी विद्यार्थ्यांना सोबत घ्यावे. गावाने नोंदविले नाही, ते संगणकास कोठून कळणार?