स्प्रिंग, स्पीडब्रेकर आणि वीस मिलिमीटर
(१९९५ च्या दहावीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा त्यांना वाटलं होतं, मी सॉफ्टवेअरवर बोलेन. त्यावरचं ज्ञान आपल्या ग्रुपवर रोज सकाळी सुप्रभातच्या फुलांबरोबर येतंच. म्हणून मी आज गाडीच्या स्प्रिंगवर बोलणार आहे. बाहेर उभी असलेली माझी टप उघडणारी मिनी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली आणि दोघातिघांनी विचारलं, "ही जरा खाली बसल्यासारखी का दिसते?" उत्तर लांबलचक आहे, पण आठवी-नववीच्या विज्ञानाबाहेर फारसं जात नाही.

मिनी २०१२ मध्ये अधिकृतपणे भारतात आली, तेव्हाच हा कन्व्हर्टिबल प्रकारही आला. मी घेतली ती वापरलेली. वळणावर तिचं अंग कमी झुकावं आणि चाक व मडगार्ड यांमधली फट थोडी कमी दिसावी, एवढ्यासाठी मला तिची उंची कमी करायची होती. दुसरं कारण निव्वळ हौसेचं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. आणि पहिल्या कारणाचाही हिशेब करून पाहा. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५०० मिलिमीटरवर धरला आणि गाडी २० मिलिमीटर खाली आणली, तर वळणावर एका बाजूच्या चाकांवरून दुसऱ्या बाजूला जाणारं वजन फक्त ४ टक्के कमी होतं. झुकणं कमी होतं ते मुख्यतः नवी स्प्रिंग जास्त कडक असते म्हणून.

ती कडक का असावी लागते? इथे बाईंनी शिकवलेला हूकचा नियम आठवा. रॉबर्ट हूकने १६७६ मध्ये तो नुसत्या उलटसुलट अक्षरांचं कोडं म्हणून छापला आणि १६७८ मध्ये उलगडून सांगितला. जेवढा जोर, तेवढी दबण. समजा, एका चाकावर ३५० किलो भार आहे आणि स्प्रिंग दर मिलिमीटरला अडीच किलो घेते. म्हणजे गाडी उभी असतानाच ती १४० मिलिमीटर दबलेली आहे. आता समजा, खड्ड्यात गेल्यावर शॉकअप रबरी ठोकळ्यावर आपटेपर्यंत, म्हणजे बंप स्टॉपपर्यंत, ६० मिलिमीटर जागा उरते. तेवढ्या जागेत स्प्रिंग आणखी १५० किलोचा धक्का झेलते.

गाडी २० मिलिमीटर खाली घेतली की उरली ४० मिलिमीटर जागा. तोच १५० किलोचा धक्का झेलायला स्प्रिंग मिलिमीटरला पावणेचार किलोची हवी, म्हणजे दीडपट कडक. गाडी ४० मिलिमीटर खाली घेतली तर उरली फक्त २० मिलिमीटर जागा आणि स्प्रिंग हवी साडेसात किलोची, म्हणजे तिप्पट! हे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, पण प्रमाण खरं आहे. खाली घेणं दुप्पट केलं की त्रास दुप्पट होऊन थांबत नाही. याच आकड्यांनी गाडीचं वरखाली डुलणं सेकंदाला १.३ वेळांवरून पहिल्या बाबतीत १.६ वर जातं आणि दुसऱ्या बाबतीत २.३ वर. रोजच्या वापराच्या गाड्या साधारण १ ते १.५ च्या दरम्यान डुलतात. २.३ म्हणजे पाठीला प्रत्येक खडा कळणार.

आणि पाठ माझ्या एकटीची नाही. बाजूच्या सीटवर माझी आई बसते. तिच्या कमरेचं दुखणं जुनं आहे आणि दर महिन्याला तिला डोंबिवलीहून ठाण्याला डॉक्टरांकडे न्यायचं असतं. रस्ता तुम्हाला पाठ आहे : मानपाडा रोड, कल्याण-शीळ रस्ता, शीळफाटा, मुंब्रा बायपास. जी स्प्रिंग आईला या रस्त्यावर सोसणार नाही ती घ्यायची नाही, ही अट मी आधीच घातली होती.

दुसरी अट टपाची. चपलांचा खोका झाकणासकट हातात धरून पिळून पाहा, आणि मग झाकण काढून पिळा. कन्व्हर्टिबल म्हणजे झाकण काढलेला खोका. कंपनी दारांखालचा भाग, तळ आणि पुढच्या काचेचे खांब जास्त मजबूत करते, त्यामुळे टप उघडत असूनही गाडी वजनाला भारी होते. घडीच्या टपाची यंत्रणा मागे असल्याने मागच्या चाकांवरचा भारही वेगळा असतो. म्हणून त्याच गाडीच्या बंद टपाच्या प्रकाराची स्प्रिंग इथे "बसते" म्हणून घ्यायची नाही. ज्या यादीत कन्व्हर्टिबलसाठी वेगळा नंबर आणि पुढच्या-मागच्या धुऱ्यावरच्या भाराची मर्यादा दिलेली असते, त्याच यादीतून घ्यायची. शिवाय स्प्रिंग फार कडक झाली की रस्त्याचा धक्का थेट या झाकण नसलेल्या खोक्यात जातो. मग डॅशबोर्ड आणि आरसा थरथरायला लागतात.

आता रस्ता. विकणारे २०, ३०, ४० असे आकडे सांगतात, पण तुमच्या गल्लीतला स्पीडब्रेकर किती उंच आहे हे त्यांना कुठून ठाऊक असणार? एका रविवारी सकाळी सहा वाजता मी सरळ फळी आणि टेप घेऊन निघाले आणि घरापासून मानपाडा रोडपर्यंतचे सगळे स्पीडब्रेकर मोजले. एका सोसायटीच्या वॉचमनने विचारलं, "मॅडम, महापालिकेतून आलात का? मग हा जरा मोठा करा." सगळ्यात उंच निघाला ९० मिलिमीटर. आई आणि मी बसलेल्या असताना गाडीखाली सर्वात कमी जागा होती १३५ मिलिमीटर. म्हणजे २० ने खाली घेतली तर त्या स्पीडब्रेकरवर २५ मिलिमीटर शिल्लक, ४० ने घेतली तर फक्त ५. आणि पुढची चाकं उतरताना गाडी पुढे दबते, तेव्हा हे ५ कुठल्या कुठे जातात.

यात एक गंमत आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे स्पीडब्रेकर ३.७ मीटर लांब, मध्यभागी १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने तो आरामात ओलांडता येतो. माझ्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांमध्ये २,४६७ मिलिमीटर अंतर आहे. अशा स्पीडब्रेकरवर चारही चाकं एकाच वेळी चढलेली असतात, त्यामुळे मधला फुगवटा पोटाखालची फक्त ४५ मिलिमीटर जागा खातो. भूमितीच्या सरांचं जीवेचं सूत्र लावा, उत्तर येईल. पण एका रात्रीत घातलेला हातभर रुंदीचा उंचवटा पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध येतो आणि आपली सगळीच्या सगळी उंची खातो. उंची जवळपास तीच, पण एकावरून गाडी सहज जाते आणि दुसऱ्यावर पोट घासतं.

"एवढा खर्च कशाला? आहे त्याच स्प्रिंगचा एक वेढा कापू," असंही मला एका गॅरेजमध्ये सुचवण्यात आलं. मी नको म्हटलं. सहा काम करणाऱ्या वेढ्यांतला एक कापला तर उरलेली स्प्रिंग २० टक्के कडक होते हे खरं, पण तिचं टोक खालच्या वाटीत नीट बसत नाही आणि चाक हवेत लटकलं की ती सैल होऊन जागेवरून सरकू शकते. गॅसने तापवून बसवणं तर त्याहून वाईट, कारण पोलादाचं पाणीच उतरतं. तुमच्या मुलांना कोणी हा सल्ला दिला, तर त्यांना तिथून परत आणा.

कायद्याचंही सांगते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतली माहिती कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळी होईल असा बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आरसीवर स्प्रिंग लिहिलेली नसते म्हणून चालतं, असं गॅरेजवाले सांगतात. मला हा विषय काठावरचा वाटतो. म्हणून मी विमा कंपनीला आधी लेखी कळवलं, उत्तर हातात आल्यावरच काम केलं, आणि जुन्या चारही स्प्रिंगा खुणा करून माळ्यावर ठेवल्या आहेत. उद्या परत बसवायची वेळ आली तर एका दिवसाचं काम आहे.

बसवण्याचं काम ठाण्यात वागळे इस्टेट भागात झालं. मी दिवसभर स्टूल टाकून तिथेच बसले. मघाच्या आकड्यांनी दबलेल्या एका स्प्रिंगमध्ये २५ किलोचं तांदळाचं पोतं एक मीटरवरून पडावं एवढी ऊर्जा असते. ती कॉम्प्रेसरने दोन्ही बाजूंनी सारखी आवळून, वाटीत हाताने हलायला लागल्यावरच वरचा नट सोडायचा. हा नियम मोडणाऱ्याचे हात जातात. बंप स्टॉप नवे घातले. आणि एक गोष्ट मी मिस्त्रींना आवर्जून विचारून घेतली : रबरी बुशांचे बोल्ट गाडी वर टांगलेली असताना पक्के आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर उभी राहिल्यावर आवळायचे, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मिस्त्री हसून म्हणाले, "ताई, हे विचारणारं गिऱ्हाईक पहिलंच." चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची आधी आणि नंतर, त्याच फरशीवर मोजली. पुढे २२ मिलिमीटर कमी झाली, मागे १८. पाचशे किलोमीटर चालवून स्प्रिंगा बसल्यावर पुन्हा मोजून अलाइनमेंट केलं आणि हेडलाइटचा झोतही जुळवून घेतला.

आईला मी काही सांगितलं नव्हतं. पुढच्या महिन्यात ठाण्याला पोचल्यावर विचारलं, "आज कसं वाटलं?" ती म्हणाली, "चढता-उतरताना जास्त वाकावं लागतं. बाकी रस्ता होता तसाच आहे." माझ्या सगळ्या आकडेमोडीत दाराशी वाकण्याचे ते वीस मिलिमीटर नव्हते. तेव्हापासून मी तिच्या सीटवर एक उशी ठेवते आणि ती तक्रार मिटली आहे.

मित्रांनो, आपली मुलं आता गाड्या घेण्याच्या वयात आली आहेत. ती फोटो पाहून स्प्रिंगा, सायलेन्सर, चाकं बदलायला निघतील. त्यांना नुसतं "नको" म्हणू नका. एक फळी आणि टेप द्या आणि आपल्या गल्लीतले स्पीडब्रेकर मोजून आणायला सांगा. बाजूच्या सीटवर कोण बसणार आहे, तेही विचारा. हिशेब करायला कोणी लागलं तर माझा नंबर या स्मरणिकेत आहे.

बाई, सर, तुम्ही फळ्यावर टांगलेली ती स्प्रिंग आणि पट्टी मला अजून कामाला येते.