ज्वारीतलं ल्युसिन आणि चौथ्या गुणसूत्रावरचं जनुक

मैलूर असो की कलबुर्गी, ताटात ज्वारीची भाकरी आणि तुरीचं वरण असतंच. ज्वारीच्या प्रथिनांत ल्युसिन हे अमिनो आम्ल भरपूर. हैदराबादच्या डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी 1960 साली ज्वारी खाणाऱ्यांतल्या पेलाग्रा या आजाराचा संबंध ल्युसिनशी जोडला होता. पुढे त्यावर मतभेद झाले, पण ल्युसिनकडे लक्ष वेधलं गेलं ते आपल्याच मुलखातून.

गरजेपुरतं ल्युसिन वापरून उरलेलं शरीर मोडीत काढतं. हे काम मायटोकॉन्ड्रियातला एक विकरसमूह करतो. त्याला फॉस्फेट चिकटलं की काम थंडावतं. ते फॉस्फेट काढून त्याला पुन्हा कामाला लावणारं विकर म्हणजे पीपीएम-वन-के. त्याचं जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे.

मूळ विकरसमूहच जन्मतः बिघडलेला असेल, तर तान्हं बाळ दूध ओढत नाही, मलूल पडतं, लघवीला जळक्या साखरेसारखा गोडसर वास येतो. हा मेपल सिरप आजार. पीपीएम-वन-केच्या दोषातून झालेला त्याचा सौम्य प्रकार 2013 साली नोंदला गेला. सदोष जनुक आई आणि वडील, दोघांकडून यावं लागतं; म्हणून मामा-भाचीच्या, आते-मामे भावंडांच्या लग्नांत धोका वाढतो.

असा वास जाणवला तर दृष्ट काढत बसू नका. त्याच दिवशी बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. रक्तातली अमिनो आम्लं तपासता येतात, आणि वेळेत निदान झालं तर ल्युसिन मोजून दिलेल्या आहारावर मूल वाढवता येतं.