विमानातील तेरा खुर्च्या



देशाचा प्रमुख परदेशी गेला की आपल्याला हस्तांदोलनाचे छायाचित्र दिसते आणि संयुक्त निवेदन वाचायला मिळते. या दोन्ही गोष्टी सरकारेच तयार करतात. नागरिकाच्या वतीने तिथे एकच गोष्ट घडू शकते, ती म्हणजे पत्रकाराचा प्रश्न. आज त्या प्रश्नाविषयी बोलतो.

२२ जून २०२३ रोजी व्हाइट हाउसमध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जो बायडेन वार्ताहरांसमोर उभे राहिले. दोन्ही देशांच्या पत्रकारांना मिळून दोनच प्रश्न ठरले होते. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या सबरीना सिद्दिकी यांनी भारतातील अल्पसंख्याकांचे हक्क आणि भाषणस्वातंत्र्य यांविषयी विचारले. लोकशाही आमच्या नसानसांत आहे, भेदभावाला जागा नाही, असे मोदींनी उत्तर दिले. प्रश्न आला, उत्तर मिळाले. विषय तिथेच संपायला हवा होता. पण पुढे समाजमाध्यमांवर त्या पत्रकार स्त्रीच्या धर्मावर आणि कुळामुळावर चिखलफेक झाली. व्हाइट हाउसने या छळाचा जाहीर निषेध केला.

त्याच वर्षी ८ सप्टेंबरला जी-२० परिषदेसाठी बायडेन दिल्लीत आले. पंतप्रधानांच्या निवासस्थानी दोघे भेटले, तेव्हा सोबतचे अमेरिकी पत्रकार बाहेर गाडीत बसून होते. भेट घरी आहे, तेव्हा व्यवस्था यजमानांची, असे कारण मिळाले. स्वतंत्र वृत्तपत्रांचे महत्त्व आपण मोदींपाशी मांडल्याचे बायडेन यांनी दोन दिवसांनी सांगितले, तेही व्हिएतनामच्या हनोईत!

आता २०२५ कडे या. अमेरिकी अध्यक्षांच्या विमानात पत्रकारांसाठी तेरा खुर्च्या असतात. तिथे कोणी बसायचे, हे वर्षानुवर्षे पत्रकारांची संघटना पाळीपाळीने ठरवत असे. प्रवासाचा खर्च पत्रकारांच्या संस्था भरतात. फेब्रुवारीत ती यादी डोनाल्ड ट्रम्प यांच्या व्हाइट हाउसने स्वतःकडे घेतली. मे महिन्यात अध्यक्ष रियाध, दोहा आणि अबू धाबीला गेले, तेव्हा एपी, रॉयटर्स आणि ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थांपैकी एकीचाही वार्ताहर विमानात नव्हता. जुलैत ट्रम्प आणि लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरलेला जेफ्री एपस्टीन यांच्याविषयीची बातमी छापल्यावर एका वृत्तपत्राला स्कॉटलंड दौऱ्यातून वगळले. ते वृत्तपत्र ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च. ज्या वृत्तपत्राच्या वार्ताहराची व्हाइट हाउसने बाजू घेतली, त्याच वृत्तपत्राला दोन वर्षांत त्याच व्हाइट हाउसने दार दाखवले.

आपल्याकडेही पूर्वी पंतप्रधानांच्या विमानात पत्रकारांचा मोठा ताफा असे. परतीच्या वाटेवर डॉ. मनमोहन सिंग विमानातच त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत. २०१४ पासून हा ताफा दूरदर्शन, आकाशवाणी आणि वृत्तसंस्था एवढ्यावर आला. खर्च वाचला म्हणून अनेकांनी स्वागत केले. उधळपट्टी थांबावी, हे मलाही मान्य आहे. पत्रकारांनी आपले तिकीट आपण काढावे. पण उत्तरे मिळण्याची सोय मात्र राहिली पाहिजे.

श्रोतेहो, पक्ष बदलतो, देश बदलतो, माणसे बदलतात. ज्याला प्रश्न विचारायचा, त्याच्याच हाती विचारणाऱ्यांची यादी गेली, की यजमान आणि पाहुणा दोघेही निर्धास्त होतात, आणि अंधारात राहतो तो नागरिक. म्हणून एक विनंती करतो. पुढच्या दौऱ्याची बातमी वाचाल, तेव्हा किती करार झाले ते जरूर पाहा. पण प्रश्न किती घेतले आणि कोणाचे घेतले, हे आधी शोधा.