मुक्त प्रणाली आणि कार्यभाराची यादी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षेप)



मी कलाशाखेचा पदवीधर. यंत्रशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहे, त्यास कारण आपल्या ग्रंथालयातील एक फसगत. मंडळाचे जुने अंक पडद्यावर वाचता यावेत म्हणून आपण तळहाताएवढा एक संगणक-बोर्ड स्वस्तात घेतला. सोबत आलेल्या जुन्या लिनक्स प्रणालीवर सारे ठीक चालले. सुरक्षिततेसाठी नवी प्रणाली घातली, तो वायफाय बंद! बोर्डाची निवड माझी असल्याने कारण शोधणे मला भाग पडले.

मेजावरचा संगणक सुरू होताच आपल्या अंगी कोणते भाग आहेत, हे प्रणालीला बहुतांशी स्वतःच कळवितो. एआरएम प्रोसेसरच्या बहुतेक छोट्या बोर्डांना ही वाचा नसते. बदलीच्या जागी रुजू होताना आम्हां नोकरदारांच्या हाती जशी कार्यभाराची यादी पडते, तशी यादी प्रणालीला द्यावी लागते. तिचे नाव ‘डिव्हाइस ट्री’. कोणता भाग कोणत्या पत्त्यावर आहे, हे तीत नमूद असते. नोंद नसेल, तर असा भाग जागेवर असूनही प्रणालीला दिसत नाही. नोंद असून ड्रायव्हर नसेल, तर तो निरुपयोगी ठरतो.

पूर्वी ही माहिती बोर्डागणिक कर्नेलमध्येच कोंबली जाई. २०११ साली लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स यांनी त्या पसाऱ्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली आणि पुढे एआरएमसाठी यादीची पद्धत रूढ झाली.

यादी असली तरी प्रोसेसरची जातही जुळावी लागते. २०१२ साली ३५ डॉलरला आलेल्या रास्पबेरी पायचा प्रोसेसर एआरएमव्ही६ जातीचा. डेबियनची ‘हार्ड फ्लोट’ आवृत्ती मात्र एआरएमव्ही७ साठी बांधलेली. तेव्हा स्वयंसेवकांनी हजारो पॅकेजेस नव्याने संकलित करून ‘रास्पबियन’ सिद्ध केली.

आपल्या बोर्डाच्या निर्मात्याने जुन्या कर्नेलची प्रत घेऊन तीत स्वतःपुरते बदल केले. ते मूळ लिनक्सपर्यंत पोहोचविलेच नाहीत. शेवटी आपण केबल ओढून काम भागविले.

म्हणून खरेदीपूर्वी किंमत विचारण्याआधी एवढेच विचारावे : या बोर्डाची यादी आणि ड्रायव्हर मूळ कर्नेलमध्ये आहेत काय? पन्नास वर्षे प्रत्येक कार्यकारिणीने पुढचीच्या हाती दप्तर नीट सोपविले, म्हणून आपले मंडळ टिकले. यंत्रांचा न्यायही वेगळा नाही.