एकट्या पेशीचे सामर्थ्य



विज्ञानातील एखादा विषय मांडावा, अशी कार्यवाहांची सूचना होती. मी उंदीर निवडला. ग्रंथालयात त्याचे नाव काढणे अशुभच. तरी क्षमा असावी.

फलित अंड्याच्या दोन पेशी झाल्या, की शरीर घडविण्याचे काम त्या निम्मे-निम्मे वाटून घेतात काय? पोलंडचे जीवशास्त्रज्ञ आंजेय तारकोव्स्की यांनी वेल्समधील बँगोर येथे दोन पेशींच्या भ्रूणातील एक पेशी टोचून नष्ट केली आणि उरलेलीसह तो भ्रूण दुसऱ्या मादीच्या उदरात ठेवला. त्यांतून संपूर्ण उंदीर जन्मले. १९५९ साली हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. काचपात्रात वाढविलेल्या भ्रूणांपासून पिल्ले जन्मतात, हे अ‍ॅन मॅक्लारेन व जॉन बिगर्स यांनी आदल्याच वर्षी दाखविले होते.

चार पेशींच्या भ्रूणातील एकच पेशी संवर्धनात ठेवली, तर मात्र पुष्कळदा पोकळ फुगाच तयार होतो. तिचे सामर्थ्य आटले काय? तारकोव्स्की व व्रुब्लेव्स्का यांनी १९६७ साली याची उकल सुचविली. पुंजक्याच्या आत सापडलेल्या पेशींपासून पिल्लाचे शरीर होते. बाहेरच्या पेशी वार घडविण्याच्या कामी येतात. पोकळी मात्र ठरल्या वेळी पडते, पेशी किती झाल्या याची ती वाट पाहत नाही. एकट्या पेशीची संतती तोवर इतकी थोडी असते, की 'आत' म्हणावे असे कोणी उरतच नाही. पुढे १९७७ साली केली यांनी अशाच पेशींना परक्या पेशींची सोबत दिली, तेव्हा त्यांच्यापासून शरीर व वार दोन्ही घडले. सामर्थ्य शाबूत होते, सोबत तुटपुंजी होती.

१९८१ साली केंब्रिजमध्ये इव्हान्स व कॉफमन यांनी आणि अमेरिकेत गेल मार्टिन यांनी आतल्या पेशी काचपात्रात अखंड वाढत्या ठेवल्या. त्याच या मूलपेशी. शरीरातील सर्व ऊतींत त्या मिसळतात. वार घडविण्यात मात्र सहसा त्यांचा हातभार नसतो.

हा केवळ उंदरांपुरता खेळ नव्हे. घराण्यात आनुवंशिक रोग असलेल्या दांपत्यांसाठी १९९० साली लंडनमध्ये हँडिसाइड व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन दिवसांच्या मानवी भ्रूणातील पेशी काढून तपासली आणि उरलेल्या भ्रूणापासून गर्भधारणा झाली. एक पेशी गेली तरी भ्रूण तग धरतो, हा भरवसा उंदरांनीच दिला होता. आता तपासणीसाठी बहुधा पाचव्या दिवशी, वार होऊ घातलेल्या बाहेरच्या थरातूनच काही पेशी घेतात. आतल्या पुंजक्याला हात लावीत नाहीत.